निवृत्तांच्या बागेचे पाणी

दिनांक : १९ एप्रिल

प्रति,
मा. विश्वस्त अधिकारी,
निवृत्तिवेतन निधी, मुख्य कार्यालय.

विषय : संत्रा बागेचे पाणी मालकाच्या सांगण्यावरून पुन्हा सोडल्याबाबत.
संदर्भ : पाणी बंद करण्याचा कंपनीचा दि. २ एप्रिलचा आदेश.

महोदय,

अर्जदार कंपनीच्या संत्रा बागेत अकरा वर्षे पंपचालक आहे. वरील आदेशानुसार बागेचे पाणी तोडून ते शेजारच्या कारखान्यास विकावयाचे ठरले. फळापेक्षा पाण्यात फायदा जास्त, असे कारण दिले. झाडांवर फळ धरलेले होते. अर्जदाराने आदेश पाळला, पण त्याला घरी चैन पडेना. आठ दिवसांत पाने वळली, तेव्हा तो व्यवस्थापकांकडे गेला आणि मालकांशी बोलू द्यावे म्हणून विनवू लागला. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, मीही पगारी माणूस. मालक मी तरी कुठे पाहिलाय?" मग त्यांनीच कागद काढून दाखविला. कंपनी आपल्या निधीच्या मालकीची निघाली.

अर्जदाराची थोरली बहीण परिचारिका म्हणून निवृत्त झाली असून तिचे निवृत्तिवेतन आपल्याच निधीतून येते. हे कळताच ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बागेत आली. झाडांची एक अख्खी ओळ पायी फिरली, गळलेली फळे उचलून पाहिली. "माझ्या म्हातारपणाची सोय म्हणून ही झाडं मारताहेत, आणि मला विचारलंसुद्धा नाही?" असे ती म्हणाली. पाणी सोडल्यास तिचेच निवृत्तिवेतन घटेल, हे अर्जदाराने तिच्या कानावर घातले. त्यावर, "घटलं तर माझं घटेल. तू पाना दे इकडे," असे म्हणून तिने स्वतः व्हॉल्व्ह उघडला. अर्जदाराने तिला अडविले नाही. व्हॉल्व्ह जड असल्याने शेवटचे दोन फेरे त्यानेच दिले, हेही तो प्रामाणिकपणे नमूद करतो.

परिणामी अर्जदार निलंबित झाला असून बहिणीविरुद्ध बागेत बेकायदा शिरल्याची तक्रार झाली आहे. स्वतःच्या बागेत माणूस बेकायदा कसा शिरेल, एवढेच तिचे म्हणणे आहे. सध्या ती पंपघराच्या दारात खुर्ची टाकून बसते. व्यवस्थापक रोज सकाळी पाणी बंद करावयास येतात, तिच्याकडून रक्तदाब तपासून घेतात व परत जातात. अर्जदाराच्या जिवाला मात्र घोर लागला आहे.

तरी पाणी बंद करावयाचेच असल्यास आपण सर्व निवृत्तांना एकेक करून विचारावे व मगच तसा लेखी आदेश काढावा, ही विनंती. त्यास कितीही वेळ लागला तरी आमची हरकत नाही. फळ उतरायला अजून सहा आठवडे आहेत.

आपला विनम्र,
(सही)
पंपचालक, सध्या निलंबित

वाचून मान्य.
(सही)
अर्जदाराची बहीण, निवृत्तिवेतनधारक

सोबत : पाणीबंदीचा आदेश, निलंबनपत्र, बहिणीच्या निवृत्तिवेतन पुस्तिकेची प्रत.