स्कॅन टू ईमेल, मुक्काम भाईंदर पश्चिम

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१०
ऑफिसचा कॉपियर हॉलमध्ये लागला. चार हमाल, तिसरा मजला, लिफ्टमध्ये मावला नाही. दिवाण बाल्कनीत गेला. सुचेता काही बोलली नाही, म्हणजे बायकोला पटलं असावं.
एकतीस वर्षं अ‍ॅडमिन सांभाळलं. ऑफिस बंद झालं तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, एकाने तर कुंडी नेली. मी मशीन मागितलं. साहेब हसले. हसू देत.
संकल्प: आजपासून या घरातला एकही कागद मोबाइलवर फोटो काढून कुठे जाणार नाही. बटण दाबलं की पीडीएफ थेट ईमेलने.

दुपारी १
पहिलं काम आलंच. मोरव्याचं बाबांचं घर बिल्डरला जातंय. वकिलाची नोटीस: वारसांनी सतरा तारखेपर्यंत कागदपत्रं ईमेल करावीत, नंतर आलेलं नाव धरणार नाही. धाकटी बहीण आशा घाबरलीय. चुलतभाऊ धाकू गावभर सांगत फिरतोय, लग्न करून उत्तनला गेली, तिचं नाव कशाला पाहिजे. बाबांचा मृत्यूचा दाखला, तिचा जन्माचा दाखला, घरपट्टी, सगळं माझ्या फाईलमध्ये. आमच्या घरात कागद माझ्याकडेच असतात, कारण ऑफिसात मीच होतो. आशाला सांगितलं, उद्या संध्याकाळी पोचलं समज.

४ नोव्हेंबर, मंगळवार
पोचलं नाही. मशीनला घरचं वायफाय दिसत नाही. ते अजून जुन्या ऑफिसचंच नेटवर्क शोधतंय.
कॉपियर दुरुस्तीवाल्या केतनभाईला फोन केला. म्हणाला, अंकल, ये ऑफिस का मशीन है, केबल मांगता है. अंकल कशाला? फार तर चार वर्षांनी मोठा असेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार
केबल आणायला स्टेशनजवळ गेलो. सुचेता म्हणाली, सावकाश या, येताना मार्केटमधून भाजीपण बघा, घाई नको. काळजी करते बिचारी. दोन तास लागले. परत आलो तर आशाची सून विनिता आलेली, चहा पिऊन निघतच होती. सहज आले होते म्हणे.
केबल तीन फूट कमी पडली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लांब केबल आणली. लागली.
आशाचा फोन नाही. आधी दिवसातून तीनदा यायचा. दादा, मोबाइलवर काढून पाठव ना, काय हाय त्यात. आता विश्वास बसलेला दिसतो. माणूस ठाम राहिला की घरचे आपोआप शांत होतात.
मशीन विचारतंय: सर्व्हर, पोर्ट, पासवर्ड. ऑफिसात हे आयटीवाला सदू भरायचा. पण देखरेख माझी होती.

१० नोव्हेंबर, सोमवार
पासवर्ड नाकारला. मशीनसाठी वेगळा पासवर्ड हवा. त्यासाठी आधी ओटीपी हवा. ओटीपी जातो ऑफिसच्या बंद पडलेल्या नंबरवर. ईमेल काढताना घरचा नंबर मी मुद्दाम दिला नव्हता. कामात घर आणायचं नाही, हा नियम. सुचेताला समजावून सांगितलं. ती कुकर लावायला उठली.
नवा ईमेल काढला. याला अपयश म्हणत नाहीत, पूर्वतयारी म्हणतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कनेक्शन फेल्ड. अकरा वेळा. दर वेळी मशीन एक रिपोर्ट छापतं. मी त्यावर जावक क्रमांक घालून पंच करून ठेवतोय. शिस्त सुटली की सगळं संपलं.
सुचेता म्हणाली, अहो, राहू दे ते, जेवून घ्या. चिडलो. म्हटलं, माझ्या बहिणीच्या हक्काचा प्रश्न आहे, तुला काय त्याचं. ती आत गेली. नंतर माझी मलाच लाज वाटली. पण मशीन गरम झालं होतं, मध्येच सोडता येईना.

१६ नोव्हेंबर, रविवार
केतनभाईला घरी बोलावलं. त्याने दोन मिनिटं सेटिंग पाहिलं. अंकल, इसमें तारीख दो हजार चौदा की पडी है, सर्व्हर कैसे मानेगा. तारीख बदलली. कनेक्शन ओके.
मी हे करणारच होतो. यादीत पुढचं तेच होतं.
उद्या सकाळी दहाला सगळी फाईल एका दमात. ऑफिसचा शर्ट इस्त्रीला दिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११
पावणेदहालाच आशा आली, बरोबर विनिता, हातात पेढे. वकिलाकडून आतापर्यंत आलेल्या नावांची यादी आली. आशाचं नाव आहे. माझंही आहे. विनिताने सहा तारखेलाच सगळे कागद इथे, माझ्याच टेबलावर मोबाइलने काढून पाठवले होते. फाईल सुचेताने काढून दिली होती.
विचारलं, मग मला का नाही सांगितलं? आशा म्हणाली, दादा, तू एवढा गुतला व्हतास, म्हटलं करू दे. मग पेढा माझ्या हातात देत हळूच म्हणाली, फाईल आता विनिताकडं ऱ्हाऊ दे. तुझ्यावर राग न्हाय.
सुचेताने फाईल आधीच पिशवीत भरून ठेवली होती.
मी पोच म्हणून सही मागितली. आशाने केली. फार वाईट वाटलं. दाखवलं नाही.

११.४०
मशीन चालू आहे. पाठवण्यासारखा कागद घरात उरलेला नाही. कोरा ठेवून बटण दाबलं, स्वतःच्याच पत्त्यावर. मिनिटभरात पोचला.