सासूबाईंचं गुणगुणणं

तीर्थस्वरूप आईंना, सूनबाईचा दुरूनच नमस्कार.

इथे देशोदेशीची हौशी गाणारी मंडळी जमली आहेत आणि फक्त बायकांनी बांधलेल्या चाली गायच्या आहेत. आम्हाला एक चाल कमी पडली, म्हणून मी तुमची दिली. माझं काही चुकलं की तुम्ही बोलत नाही, भांडी आपटत गुणगुणता, तीच. इतकी वर्षं ऐकून पाठच झाली होती. भांडी आपटायलाही दोघीजणी उभ्या केल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. संगीतकार म्हणून तुमचंच नाव सांगितलं.

पण हे पत्र मी टाकणार नाही. कळलं तर तुम्ही खूश व्हाल, आणि खूश असलात की तुम्हाला काही सुचत नाही. इथल्या आयोजकांनी तर पुढच्या वर्षासाठी तुमची नवी चाल मागितली आहे.

परवा घरी पोचते आणि आल्या आल्या दूध उतू घालवते.

तुमचीच,
वळण न लागलेली सून