बोट काजलची, दोरी मुकेशची

मी, मंदाबाई खुशाल चरडे, वय सहासष्ट, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार पिंपळझरी (पुनर्वसन), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि माझा राग जसाच्या तसा शाबूत ठेवून, माझ्या माघारी माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते लिहून ठेवते. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा पुतण्या मुकेश 'काकूचं डोकं फिरलं होतं' असे म्हणेल, म्हणून जोडला आहे.

१. माझी मिळकत अशी: राहते घर, धरणाच्या पलीकडचे टेकडीचे वावर, काठावरची जागा व तिथला बोट उतरवायचा सिमेंटचा उतार, आणि बोट. सर्व माझ्या एकटीच्या नावावर आहे. मला मूल नाही. पती खुशाल सहा वर्षांपूर्वी वारले. कसे वारले ते कलम ३ मध्ये येईल.

२. बोटीविषयी आधी लिहिते, कारण सर्वांचा डोळा तिच्यावर आहे. धरण झाले, जुने गाव पाण्यात गेले आणि टेकडीचे वावर पलीकडे राहिले. रस्त्याने जायचे तर अर्धा दिवस. वांगी, टमाटे सकाळच्या बाजारात पोचवायचे तर पाण्यावरूनच जायला हवे. त्यासाठी साधी बोट पुरली असती, असे माझे भासरे लक्ष्मणराव (पतीचे थोरले भाऊ) तेव्हा म्हणाले होते. पुरली असती, हे मलाही मान्य. पण मला वेगाची बोट हवी होती आणि मला हवी तीच बोट मी घ्यावी, असे खुशालला वाटत होते.

आम्ही दोघे कोकणात गेलो. विकणाऱ्याने रुंद, बाकांची बोट दाखवली. म्हणाला, "ताई, यात घरची आठ माणसं बसतात." मी म्हटले, "घरची आठ माणसं मले पाण्यावरही कायले पायजेत?" मी वाकून एकेका बोटीचा तळ हाताने चाचपला. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते. मी निवडली ती लहान, हलकी, कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या धारदार तळाची, आणि तिच्या मानाने मागे दांडगे इंजिन. इंजिन बंद करणारी लाल दोरी त्याने माझ्या मनगटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर दोरीचे दुसरे टोक इंजिनातून सुटते आणि इंजिन तिथेच थांबते. मी वेगाची दांडी पुढे ढकलली. बोटीचे नाक आधी आभाळाकडे उठले, मग एकदम खाली बसले, आणि पाण्यातून चालणारी बोट पाण्याच्या अंगावरून धावायला लागली. खुशालचा चेहरा पांढरा पडला होता. उतरल्यावर म्हणाला, "मंदा, अजून एक डाव."

३. उन्हाळ्याचे दिवस होते. खुशाल टेकडीवर वांग्यांना पाणी द्यायला गेला होता. मी त्याला सोडून बोट घेऊन परत आले होते. दुपारी त्याचा फोन आला. "मंदा, छातीत दुखून राह्यलं. बोट आण." मी काठावर धावले. उतारावर बोट नव्हती. मुकेश न विचारता मित्रांना फिरवायला घेऊन गेला होता. त्याचा फोन लागला नाही. शेवटी मासे धरणाऱ्या हरिदासने मला आपल्या डोंग्यात घेतले आणि वल्हवत नेले. वारा समोरून होता. आम्ही पोचलो तेव्हा खुशाल पाटाच्या कडेला आडवा होता आणि पाणी वाफ्याबाहेर वाहत होते.

आम्ही त्याला घेऊन परत आलो तेव्हा बोट उतारावर बांधलेली होती. टाकी कोरडी. दसव्याला, म्हणजे दहाव्या दिवसाच्या विधीला, मुकेशने सर्वांसमोर सांगितले, "बोट तं इथंच होती. काकूनंच टाकी रिकामी ठेवली, म्हणून ते डोंग्यात गेली." बोट बांधलेली सर्वांनी पाहिली होती. हरिदासने खरे सांगितले. त्याचे कोणी ऐकले नाही. त्या दिवसापासून गावाने मला नवऱ्याला मरू देणारी बाई म्हटले. बाजारात मी ओटा लावला की बाया पुढच्या ओट्यावर जात.

४. तीन वर्षांनी मुकेशने लोकांना फिरवण्यासाठी स्वतःची बोट आणली. लांबलचक, जड, वर गाणी वाजणारी. वापरायचा मात्र माझाच उतार. काठावरच्या जत्रेत तो माईकवर ओरडला, "काकू, येता का शर्यतीले? का आजही टाकी रिकामी?" लोक हसले. मी म्हटले, "चाल."

पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीला वळसा घालून परत यायचे ठरले. सरळ पाण्यावर तो पुढे होता; त्याचे इंजिन मोठे होते. बाभळीजवळ मी वेगाची दांडी मागे ओढली. नाक खाली आले, तळाची धार पाण्यात रुतली आणि बोट जागच्या जागी वळली. मुकेशने वेग सोडलाच नाही. त्याची बोट कुशीवर घसरली आणि तो बाहेर फेकला गेला. दोरी मनगटाला नव्हतीच. रिकामी बोट तशीच भरधाव गोल फिरून त्याच्याकडे परत येऊ लागली, मागे पंखा गरगरत.

मी माझी बोट मध्ये घातली. त्याने माझ्या बोटीची कड धरली. "काकू, वर घे!"

"आधी बोल. त्या दिवशी बोट कोणी नेलती?"

"काकू, ते आली, ते आली!"

"मलेही दिसून राह्यली. बोल."

"मी नेलती! मीच नेलती! टाकी मीच खाली केली!"

हरिदासचा डोंगा जवळच होता, त्याने ऐकले. काठावरही ऐकू गेले. मग मी त्याला काखेत धरून वर ओढले आणि त्याची रिकामी बोट पोचायच्या आत माझी बाजूला काढली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगायला सुरुवात केली की काकूने जीव घ्यायची धमकी देऊन खोटे बोलवून घेतले. तेव्हा त्याची बायको काजल चारचौघांत उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्यात खरं बोलले हे. खोटं आता बोलून राह्यले." त्याच आठवड्यात ती लेकीला घेऊन सिंदी मेघेला माहेरी गेली. पुढे मीच तिला बोट चालवायला शिकवले.

५. म्हणून माझी बोट, घर, टेकडीचे वावर, काठावरची जागा आणि उतार मी काजल मुकेश चरडे हिला देते. हे सर्व तिच्या एकटीचे. नवऱ्याचा त्यात संबंध नाही. मुकेशला आपली बोट त्या उतारावरून पाण्यात सोडायची असेल तर त्याने काजलच्या दारात जाऊन विचारावे. हो म्हणायचे की नाही हे तिने ठरवावे. माझा सल्ला: पहिली काही वर्षे नाही म्हणावे.

६. मुकेश याला मी माझ्या बोटीची जादा लाल दोरी देते. ती त्याने वापरावी. आता मध्ये घुसायला मी नसेन.

७. मुकेशने मला खांदा देऊ नये, तेरवीत जेवू नये आणि माझ्याविषयी चार चांगले शब्द बोलू नयेत. अग्नी काजल देईल. हरिदासला काठावरच्या जागेत जाळी वाळवण्याचा हक्क तो व त्याची मुले असेपर्यंत राहील.

८. भासरे लक्ष्मणराव यांनी मला कधी दोष दिला नाही. ते नुसते गप्प राहिले. भाऊ गेल्याच्या दुःखाने, असे मी समजले. टेकडीवरच्या वावरातील विहिरीलगतचा तुकडा त्यांनी हयातभर कसावा. (हे कलम खोडले. मं. चरडे)

९. कलम ८ का खोडले ते लिहिते. आज वकीलसाहेब माझ्या ओसरीवर हा मजकूर वाचून दाखवत असताना भासरे न बोलावता आले आणि पायरीवर बसून सगळे ऐकत राहिले. आठव्या कलमावर त्यांनी हात वर केला.

"तुकडा नको देऊ मंदा," म्हणाले. "त्या दिवशी बोट परत आली तेव्हा मी काठावरच होतो. मुकेश उतरला. मी पायलं."

"मंग दसव्याले काऊन नाई बोलले, भाऊजी?"

"पोरगा होता माहा."

"तुमचा भाऊ होता तो."

मी वकीलसाहेबांना म्हटले, "खोडा." त्यांनी खोडले, मी सही केली. मग वकीलसाहेब म्हणाले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भासऱ्यांना आता काहीच मिळत नाही, तेव्हा त्यांना होता येईल. भासऱ्यांनी कागद पुढे ओढला. "कुठी करू सही?" मी बोट ठेवून जागा दाखवली.

वरील मजकूर मी ऐकला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि त्यातला एक शब्दही मवाळ करायचा नाही.

सही: मंदाबाई खुशाल चरडे

साक्षीदार पहिला: लक्ष्मणराव चरडे, मुकेशचे वडील. संपूर्ण मजकूर ऐकून, तो खरा असल्याचे सांगून सही केली.

साक्षीदार दुसरी: मीराबाई भोयर, भाजीविक्री, आष्टी बाजार.

ठिकाण: पिंपळझरी (पुनर्वसन), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५