पाचारण आणि माईक

रविवार, २ नोव्हेंबर
मी वीस वर्षांची असताना चर्चच्या मंडळीतल्या भुरीबाई मला म्हणाल्या होत्या, "पोरी, देवानं हाक मारली तरी तुले ऐकू नाही येणार. तू सारखी बोलूनच राह्यतं." आज आठवून हसू आलं. कारण आजच पाळकसाहेबांनी आमच्या पांढरकवड्याच्या तरुणांचं शिबिर माझ्यावर सोपवलं. विषय: आपलं पाचारण ओळखा. देव आपल्याला कोणत्या सेवेला बोलावतोय, हे मुलांनीच शोधायचं. मी अजिबात ढवळाढवळ करणार नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर
प्रार्थना केली. सगळं स्पष्ट दिसलं. शिबिराच्या यादीतला पहिला मुलगा, संघर्ष, पाळक होणार. उंच आहे, झगा शोभेल. हंसाबाईंचा बबलू दूरदेशी मिशनरी. माझी लेक वर्षा बँकेच्या परीक्षेला बसणार. तीही सेवाच. शिवाय बँक घरापासून चालत जाण्यासारखी.

बुधवार, ५ नोव्हेंबर
हंसाबाईंना भेटले. बबलू एकुलता एक, त्यामुळे त्या रडकुंडीला. समजावलं, देवाच्या कामात आफ्रिकासुद्धा शेजारी असते. आईने लेकरावर हक्क सांगायचा नसतो. तर म्हणतात, "तुमचं बरं हाय बाई, तुमची वर्षा घरीच राह्यते." मी म्हटलं, वर्षाला हाक आली तर तिची बॅग मी स्वतः भरून देईन. बोलता बोलता डोळे भरून आले. माझेच. एकूण फार छान बोलले.

शनिवार, ८ नोव्हेंबर
शिबिर. सकाळी एक तास संपूर्ण शांतता. फक्त ऐकायचं. कसं ऐकायचं ते मुलांना नीट कळावं म्हणून माईकवर थोडं मार्गदर्शन केलं. तास कसा गेला, कळलंही नाही. संघर्षला विचारलं, काय ऐकू आलं? म्हणाला, "देव बोलला बी असन ताई, पण माईक तुमच्याजवळच होता नं."
सगळे हसले. हल्लीची मुलं उथळ आहेत.
वर्षा हसली नाही. ती कंपाउंडच्या पार टोकाला बसली होती. तिथे स्पीकर पोचत नाही. पुढच्या वेळी दोन लावू.

रविवार, ९ नोव्हेंबर
उपासनेत साक्षी. ज्यांना हाक आली त्यांनी उभं राहायचं. संघर्षकडे पाहिलं, तर तो वाकून बुटाची लेस बांधायला लागला. बबलू ट्रकचं लायसन काढणार म्हणे.
उभी राहिली वर्षा. मुकुटबनकडच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकवायचंय. तिथल्या बाईंशी बोलणंही झालंय. मंडळीने मोठ्याने आमेन म्हटलं. एरवी माझा आमेन सगळ्यांच्या वर असतो. आज घसा बसला होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
तरुण वयात भावना आणि पाचारण यांची गल्लत होते. वर्षाला शांतपणे समजावलं. मुकुटबन फार लांब. तिथलं पाणी मानवायचं नाही. एकटीला झोपही येणार नाही.
म्हणाली, "आई, एकटीले झोप मले नाही, तुले येत नाही."
हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. विषय बदलला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
हंसाबाई आल्या. "आफ्रिका शेजारी हाय म्हणलं तुमी. मंग मुकुटबन त अंगणातच झालं नं!" हे बोलायलाच आल्या होत्या, नक्की. जाताना वर्षासाठी पुऱ्यांचा डबा ठेवून गेल्या. बराच वेळ हात धरून बसल्या, ते वेगळं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
बॅग मीच भरली. शब्द दिला होता. जाड चादर ठेवली, काढली, परत ठेवली. मग काही सुचेना, गप्प बसून राहिले.
आत वर्षा गुणगुणत होती. संडेस्कूलमधलं गाणं. हे गेल्यापासून या घरात तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. की ती गुणगुणत होती आणि मीच बोलत होते?
हाक खरी आहे. मान्य.
उद्या एसटी सुटायच्या आधी खिडकीपाशी एकच विचारणार आहे. नाही म्हणेल, माहीत आहे. तरी विचारणार. त्या वसतिगृहात शांततेचा तास घ्यायला कुणी अनुभवी बाई लागत असेल, तर माझं नाव सांगशील का?