पाटीखालचा लाल

मी, खाली सही करणारी बाई, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा जुने ट्रॅक्टर कंपनीतून निघाले त्या रंगात रंगवून देणे, हे माझ्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, तीस वर्षं तोंडाला फडकं न बांधता फवारा मारला. उद्या ऑपरेशन. डॉक्टर "बघू" म्हणाले, त्याचा अर्थ मला कळतो.

१. राहतं घर नवऱ्याला. गळकं छप्पर त्यानेच बघायचं. सहा वर्षं "रविवारी करतो" चाललंय.

२. कॉम्प्रेसर धाकट्या दिराला, डोळा होताच. पण भावजी, बाबांच्या ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक आणलंय, खरवडून चकचकीत करू म्हणता. खरवडलात तर सगळं संपलं.

३. बाबांचा ट्रॅक्टर, शेड आणि रंगांची वही माझ्या ताईला. कारण असं.

अकरा वर्षांपूर्वी ताई शेडमध्ये गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "हा रंग चुकतोय गं. बाबांचा असा केशरट नव्हता. काळसर लाल होता, जखमेवरच्या खपलीसारखा." मी म्हटलं, "तू पोळ्या लाट, रंग मी बघते." ती स्टुलावरून उठली ती परत आली नाही.

मी बाबांच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून रंग जुळवत होते. ते चाळीस वर्षं उन्हात. विटलेल्याला खरं धरून सतरा ट्रॅक्टर रंगवले, वर शाबासकी घेतली. गेल्या महिन्यात कंपनीची पत्र्याची पाटी सैल झाली म्हणून काढली. खाली काडेपेटीएवढा मूळ रंग, ऊन न लागलेला. काळसर लाल. मी फडक्याने पुसून पुन्हा बघितलं.

ताई, कंपनी बुडाली, रंगाचा नंबर कोणाकडे नाही. माझा हात थरथरतो, दोन डबे नासवले. मी पाळण्यात होते तेव्हा तो ट्रॅक्टर रोज तू धुवायचीस. डोळा तुझाच. पाटी परत बसवलीय, सावलीतच काढ.

चार वेळा फोन केला. तुझा जावई उचलतो, "आई कामात आहेत." एवढं कसलं काम गं?

वकील म्हणतात माफी मृत्युपत्रात बसत नाही. बसवा म्हटलं. मी चुकले, ताई.

ज्याला मिळतं त्याने साक्षीला सही करायची नसते म्हणे. नको करूस. नुसती ये. उद्या सकाळी नऊला दवाखान्यात निघायचंय, त्याआधी आलीस तर हा कागद फाडू आणि रंग कालवायला बसू.

ठिकाण: शेड, तुझ्या स्टुलाजवळ.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपारी दोन.

(सही)

साक्षीदार:
१. पोस्टातल्या बाई (सही)
२. समोरचा वेल्डर (सही). याची नक्कल घेऊन तो मोटारसायकलवर तुझ्याकडेच निघालाय. दार उघड.