तीन मजली कागदी घर

शाम शुई पो, हाँगकाँग
११ मार्च १९८९

प्रिय दादास,
सौ-इंगचा नमस्कार. व्हँकुव्हरचा बर्फ वितळला का? वहिनीचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे, तसं लिहायचं मी ठरवलं होतं.

आईच्या वर्षश्राद्धाला आणखी मोठा कागदी बंगला जाळ, बागेसकट, म्हणजे तिकडे परलोकात तिला तो मिळेल, असं तू लिहितोस. नको रे. तिच्या अंत्यविधीला तू पाठवलेल्या पैशांचा तो तीन मजली, मोटारवाला जाळला तेव्हाच मला वाटलं होतं, एवढ्या घराचं ती करणार काय? जन्म गेला तिचा दोन खाटांच्या खोलीत. "तोंडीलावणं बघून भात घ्या, मेणबत्ती बघून परसाकडे बसा," म्हणजे आहे तेवढ्यात भागवा, हे तिचं रोजचं सांगणं. आपण फिदीफिदी हसायचो.

घरासोबत कागदाची मोलकरीण होती. ते घर बनवणारे कारागीर क्वोक म्हणाले, "हिला नाव द्या, नाहीतर तिकडे कुणाचं ऐकणार नाही." जिवंत माणसाचं नाव द्यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी रडत होते. तोंडात आलं ते लिहिलं: लान. आईचं नऊ वर्षं करणारी आपली लानमावशी.

महिन्याभरात मावशी दुपारची डुलकी काढून उठली की दमलेली दिसू लागली. म्हणायची, "तुझ्या आईकडे जिने किती गं! आणि ती नुसती उभी राहून कोपरे दाखवते." मी हसण्यावारी नेलं. मग तिच्या तळव्यांना झाडूचे फोड आले. घरात झाडू मी मारते, दादा. गेल्या आठवड्यात तिला जागं करायला मला तासभर लागला.

क्वोककडे धावले. "अक्कल गहाण टाकली होती काय?" ते ओरडले. म्हणाले, दिलेलं नाव परत मिळत नाही, त्याच्या बदली दुसरं द्यावं लागतं, तेही घरातल्याच माणसाचं.

रागावू नकोस. आधी मी तुझं नाव लिहिलं. घर तू पाठवलंस, झाडायलाही तूच जा, असं वाटलं. मग तो कागद फाडला आणि माझं नाव लिहून जाळलं.

मावशी आता ठणठणीत आहे. काल स्वतः मासळी घेऊन आली.

आईही बरी आहे. पण दुसरं घर पाठवू नकोस, आहे तेच माझ्याने झाडून होत नाही. वरच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या आहेत. "इथे कोण राहणार?" असं ती रोज विचारते. मी अजून तुझं नाव घेतलेलं नाही.

तुझी दमलेली बहीण,
सौ-इंग