यंदा अर्थ भरत सांगतो

वापी, ऑगस्ट १९९७

तीर्थरूप नाना,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. माझी काळजी करू नका. कंपनीतलं जेवण बरं आहे आणि खोकलाही कमी आहे. आईचा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

परवा बोरीचे पाहुणे भेटले. म्हणाले, यंदा श्रावणात तुम्ही पोथी वाचता आणि माझ्या जागी अर्थ भरत सांगतो. देवळात बसायला जागा पुरत नाही म्हणे. धाकट्याचं नाव झालं, मला आनंदच आहे.

राजाच्या अध्यायाला मी दरसाल सांगायचो, की राजाच्या हातात दंड असतो आणि देवाच्या धाकानं सूर्य वेळेवर उगवतो. माणसं माना डोलवायची, काही पेंगायचीही. भरतनं सांगितलं, "राजा म्हंजी पाटाचं पानी वाटणारा पाटकरी. शेवटच्या वावराला पाणी पोचल्याबिगर त्यानं सोताचं भिजवायचं न्हाई. देवाचं राज्य बी असंच चालतं." हे सांगताना पाहुण्यांचे डोळे भरले. माझ्या अर्थाला कुणाचे भरले नव्हते.

त्याला पाटावर पाणी धरायला मीच शिकवलं. तरी मला हे सुचलं नाही.

समाप्तीला सुट्टी काढून येतो. अर्थ भरतलाच सांगू द्या. तुमचे डोळे आता दमत असतील, तेव्हा पोथी वाचायला मी बसेन. तुम्हाला ठाऊकच आहे, वाचणारा थांबल्याशिवाय अर्थ सांगणाऱ्याला तोंड उघडता येत नाही.

तुमचा थोरला,
कुंडलिक